यादीत दोनदा नोंदलेली मुलगी

महिन्यातून एकदा, बुधवारी, आमच्या गावात लेकरांच्या सुया असतात. अंगणवाडीच्या खोलीत सकाळपासून रडारड चालते, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस माझ्या पायाला भिंगरी असते. मी परंडा तालुक्यातल्या एका गावात आशाताई आहे. गरोदर बाई, बाळंतीण आणि लेकरू, तिघांची वही माझ्याकडं. कुठल्या बाळाला दीड महिन्याचा डोस, कुठल्याला अडीचचा, कुठल्याला साडेतीनचा, कुणाला नवव्या महिन्यात गोवराची सुई, हे वहीतून काढायचं आणि त्या त्या दाराशी जाऊन सांगायचं, असं हे काम आहे.

मी तोंडाची फटकळ आहे, हे गावात कुणालाही विचारा. सुरुवातीच्या वर्षांत बाया मनाला येईल तेव्हा लेकरू घेऊन यायच्या, दोन-दोन तास बसायच्या, तारीख भरलेली नाही म्हणून परत जायच्या आणि वर मलाच बोलायच्या. मग मी गावाला शिस्त लावली. मी दाराशी येऊन सांगेन तेव्हाच यायचं, एरवी यायचं नाही. लोकांना ते पटलं. हळूहळू अशी सवय झाली की मी सांगितलं की सासवासुद्धा सुनांना घाई करत, आणि नाही सांगितलं तर कुणी विचारायलाही येत नसे. मला याचा अभिमान होता. तालुक्याच्या बैठकीत आमच्या गावाचं कौतुक झालं की मी पदर सारखा करून ताठ बसत असे.

याद्या खरं तर दोन असतात. एक माझ्या वहीतली. दुसरी उपकेंद्रातल्या सिस्टर आणतात, संगणकातून छापून आलेली. जिल्ह्यात कुठंही बाळ जन्मलं आणि आईनं आमच्या गावाचा पत्ता दिला, की ते बाळ त्या कागदावर येतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून बघायच्या, आणि कागदावरचं बाळ गावात नसेल तर पुढं तसा शेरा मारायचा.

गावापासून कोसभर लांब एक वस्ती आहे. मेंढरं राखणारं आणि थोडी शेती करणारं एकच घर. सासू, मुलगा आणि नवी सून. सून लांबची, पार मुरूमकडची. जिल्हा आमचाच, पण आम्ही एका टोकाला आणि मुरूम दुसऱ्या टोकाला. तिच्या लग्नात मी जेवले होते. नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं तेव्हा मी पुढंच उभी होते आणि नाव छान निवडलं म्हणून मीच नवऱ्या मुलाची थट्टा केली होती. सून अबोल होती. काही विचारलं की आधी सासूकडं बघायची आणि मग उत्तर द्यायची. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला माहेरी धाडली, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी वहीत तिच्या सासरच्या नावापुढं लिहिलं, बाळंतपण माहेरी. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा तेही लिहिलं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सिस्टरांच्या कागदावर एक अनोळखी ओळ आली. आईचं नाव अनोळखी, आडनाव तर आमच्याकडं कधी न ऐकलेलं, कानडी वळणाचं. पत्ता मात्र आमच्या गावाचा. मुलगी, अडीच महिन्यांचा डोस बाकी. त्या आडनावाचं एकही घर आमच्या गावात नाही. मी दिलेल्या नंबरवर फोन लावला, तो बंद होता. संगणकानं काहीतरी घोळ घातला असणार, असं मी सिस्टरांना म्हणाले आणि ओळीपुढं शेरा मारला, या गावात नाही. पुढच्या महिन्यात ती ओळ पुन्हा आली, मी पुन्हा तोच शेरा मारला. तिसऱ्या महिन्यात तर मी वैतागून दोनदा अधोरेखित केलं.

पावसाळ्याचे दिवस होते. तापाच्या रुग्णांचा सर्व्हे, पाण्याच्या टाक्या तपासणं, म्हाताऱ्यांची यादी, कुणाचं कार्ड काढायचं तर कुणाचा फोटो चढवायचा. रात्र थोडी आणि सोंगं फार. वस्तीची वाट काळ्या मातीची, पाऊस पडला की चप्पल तिथंच राहते आणि पाय पुढं येतो. मी गेले नाही. सून माहेराहून परत आलीय हे मला परंड्याच्या बाजारात कळलं. तिची सासू तिथं भेटली. मी विचारलं, नातीला डोस दिलेत का. ती म्हणाली, दिलेत की, तापबी आला हुता. मी तिथंच पिशवीतून वही काढली, गुडघ्यावर धरली आणि सुनेच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

लसींचं कार्ड डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण करायची नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात घोकून घेतलेलं आहे. मी स्वतः नव्या आशांना ते दटावून सांगते. पण बाजारात भाजीची पिशवी एका हातात, सासूनं सांगितलेलं, आणि ती बाई खोटं बोलणारी नाही. ती खोटं बोललीही नव्हती. दीड महिन्याचा डोस दिला होता आणि त्यानं ताप आला होता. मी किती डोस दिले ते विचारलंच नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुनेचा नवरा मोटारसायकलवरून माझ्या दारात आला. बहिणीला पंचमीला न्यायला तिचा भाऊ मुरूमहून आला होता, पण पोरीला खोकला होता म्हणून जाणं थांबलं होतं. गावातल्या डॉक्टरचं औषध आठ दिवस झालं होतं. दृष्ट काढून झाली होती. गुण नव्हता. तो म्हणाला, ताई, जरा बघायला चला, ती खोकताना निळी पडती. मी त्याच्या मागं बसले. शेवटची वाट चालत गेलो.

पोर आईच्या मांडीवर होती, पाच महिने पूर्ण झालेली. मी टेकले आणि तेवढ्यात उबळ आली. एकामागून एक, एकामागून एक, मधे श्वास घ्यायला जागाच नाही. तोंड आधी लाल झालं, मग जांभळं. डोळे बाहेर येतील असे ताणले. शेवटी तिनं लांब, घरघरता श्वास आत ओढला, दूध ओकली आणि मान टाकून पडली. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. किती वेळा होतं विचारलं तर म्हणाली, आता मोजत न्हाय.

डांग्या खोकला मी लहानपणी बघितला होता. आता तो आमच्या गावात नसतो, सुयांमुळं नसतो. म्हणून मी कार्ड मागितलं. कार्ड इतके दिवस माहेरी पेटीत राहिलं होतं, ते भावानंच पंचमीला येताना आणलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मी उघडलं. जन्माच्या वेळच्या सुया, दीड महिन्याचा डोस, आणि पुढं सगळं कोरं. वर आईचं नाव होतं. त्याच नावापुढं मी तीन महिने शेरा मारत आले होते.

"हे कुणाचं नाव?" मी विचारलं, तरी मला कळलं होतं.

"माझंच की, ताई. माहेरचं. आधारावर आजून त्येच हाय."

तिकडच्या दवाखान्यात आधार कार्ड बघून तिचं जुनं नाव लिहिलं गेलं आणि पत्ता सासरचा. तिकडच्या आशानं सांगितलं होतं, आता सासरी जातीस ना, पुढचे डोस तिथल्या ताई बोलावून देतील. आणि ही इथं येऊन मी बोलवीन म्हणून वाट बघत बसली होती. एका ओळीत ती पोर गावातच नव्हती आणि दुसऱ्या ओळीत तिचे सगळे डोस झालेले होते. दोन्ही ओळी माझ्या हातच्या.

माझं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं आहे. माझ्या आईचं, माझ्या सासूचं, या गावातल्या निम्म्या बायांचं बदललेलं आहे. अनोळखी नाव दिसलं तर गावातल्या एकेका सुनेला माहेरचं नाव विचारायचं, एवढं साधं मला सुचलं नाही. मला तिथंच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण कार्ड पिशवीत घातलं आणि पोरीला घेऊन निघायला सांगितलं.

चिखलातून गाडी वस्तीपर्यंत येत नव्हती. बापानं पोरीला छातीशी धरलं, आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो. वाटेत दोनदा उबळ आली, दोन्ही वेळा तो थांबला आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिलो. रुग्णवाहिका रस्त्यावर आली होती. परंड्याहून बार्शी, बार्शीहून सोलापूर. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, पुढं न्या. रुग्णवाहिकेत मी मनातल्या मनात सगळ्या देवांना बोलून घेतलं, नवस बोलले, शिव्याही दिल्या.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी कार्ड बघितलं आणि आईकडं वळून विचारलं, बाकीचे डोस का दिले नाहीत, गावात येत नाहीत का सुया, एवढीही काळजी नाही का लेकराची. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "न्हाय झालं, साहेब. चुकलं."

मी शेजारीच उभी होते. दोन वाक्यं होती फक्त. साहेब, तिला कुणी बोलावलं नाही, ते काम माझं होतं. माझ्या घशात ती तयार होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले आणि मी ती गिळली. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की आधी पोर वाचू दे, मग बघू. खरं म्हणजे मी घाबरले होते. इतक्या वर्षांत कुणी मला चुकलीस म्हणालं नव्हतं.

आत आईशिवाय कुणाला सोडत नव्हते. मी आणि तिचा नवरा बाहेरच्या बाकावर. काचेतून पोरीच्या नाकातली नळी दिसायची. उबळ आली की आई उभी राहायची, एवढंच बाहेरून कळायचं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला की उद्या आपल्या गावचा बुधवार आहे, याद्या तुमच्याकडं आहेत, तुम्ही या. मी आत निरोप पाठवला आणि निघाले. आईनं काचेपाशी येऊन हात हलवला, काळजीनं जा, अशा अर्थानं.

बुधवारी सकाळी मी अंगणवाडीत याद्या घेऊन बसले. त्या महिन्यात एकही बाळ सुटलं नाही, कारण मी पहाटेपासून दारं ठोठावली होती, प्रत्येक सुनेला माहेरचं नाव विचारलं होतं. बाया एकमेकींकडं बघून हसत होत्या, ताईला काय झालंय म्हणून. खोली भरली होती. सुई टोचली की लेकरू किंचाळायचं, आई त्याला छातीशी घ्यायची आणि ते गप्प व्हायचं. साडेदहाच्या सुमारास सोलापूरहून सुनेच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, गेली," एवढंच तो म्हणाला. सिस्टरांनी पुढचं नाव विचारलं आणि मी ते वाचून दाखवलं. त्यानंतरचीही वाचून दाखवली, शेवटपर्यंत. तोवर मला काही वाटलंच नाही. वही मिटली आणि मग मी वस्तीची वाट धरली.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. वस्तीच्या मागं बांधाशेजारी तिला पुरलं. आई घरातच होती. तिला बाहेर येऊ दिलं नव्हतं. सासू माझ्या गळ्यात पडून रडली आणि मोठ्यानं म्हणाली की हिला एक लेकरू संभाळता आलं न्हाय, सोलापूरचा डॉक्टरबी हिलाच बोलला. भिंतीच्या पलीकडं सून होती, तिला ते ऐकू गेलं असणारच. आणि मी तेव्हाही गप्प राहिले.

आठवड्यानं चौकशीचा कागद आला. मृत बाळाची माहिती, आणि डोस अपुरे असतील तर कारण. कारणांच्या यादीत एक शब्द असतो, नकार. पालकांनी लस घ्यायला नकार दिला, असा त्याचा अर्थ. सिस्टर चांगल्या आहेत, माझ्याहून लहान, आणि त्याही घाबरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या की ताई, दोन्ही याद्यांवर सही आपल्या दोघींची आहे, नकार लिहिलं की विषय मिटतो. त्यांनी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. पेन माझ्या हातात होतं आणि मी नकार लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, हेही मला आठवतं.

मग वरून माणसं आली, गावात फिरली, आणि त्यांच्या बोलण्यातून तो शब्द बाहेर पडला. गावाला चघळायला मिळालं. चार दिवसांत पिठाच्या गिरणीपाशी मी ऐकलं की वस्तीवरच्या सुनेनं पोरीला सुई टोचू दिली नाही, मुलगी होती म्हणून नको होती. मी तिथं फटकळपणानं भांडले, पण काय खरं ते काही सांगितलं नाही. घरी येऊन जेवले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, जे झालं ते झालं, आता उकरून काय होणार. पण न उकरल्यानं काय होत होतं, ते मला दिसत होतं. बाई पोरीला गमावून बसली होती आणि वर पोरीला मारल्याचा ठपका घेऊन बसली होती. तो ठपका माझा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी वस्तीवर गेले. सुनेचा नवरा मेंढरांमागं गेला होता. सासू ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. सून आतून आली, पाणी ठेवलं आणि चहा टाकायला गेली. ती इतकी वाळली होती की हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकत होत्या. मी चहाची वाट न बघता बोलायला सुरुवात केली, नाहीतर धीर झाला नसता. दोन नावं, दोन ओळी, बाजारातली खूण, सगळं सांगितलं. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं, म्हणजे तीही ऐकत होती.

"मामी, चूक तिची न्हाय, माझी हाय," मी शेवटी म्हणाले. "बोलवायचं काम माझं हुतं, म्या बोलावलंच न्हाय. आन् कागदावर नकार लिवला त्यो बी म्याच, खोटा."

मी शिव्यांची तयारी करून गेले होते. अंगावर काही फेकलं असतं तरी मी हलले नसते. सासूनं हातातलं शेंगेचं टरफल चुरलं. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू द्या ताई. तुमी काय जाणून केलं व्हय? तुमच्या वहीत समद्या गावची लेकरं. त्यात एखादं सुटायचंच." मग आवाज तसाच ठेवून, आतल्या दाराकडं न बघता ती म्हणाली, "हिला एकच हुतं. एकाचं तर ध्यान ठिवायचं."

सून चहा घेऊन बाहेर आली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले की तू ऐकलंस ना, तुझी चूक नव्हती. तिनं सवयीनं आधी सासूकडं बघितलं.

"खरं हाय त्यांचं, ताई," ती म्हणाली. "म्या इचारायला पायजे हुतं."

मला माफी मिळाली होती, न मागता, आणि तिची तिला मिळाली नाही. माझं खरं बोलणं तिच्या काहीच कामी आलं नव्हतं. मी त्या ओट्यावर बसून रडले, तर दोघींनी मिळून माझी समजूत काढली. चहा प्यायला लावला. निघताना सासू मला बांधापर्यंत सोडायला आली आणि वाट निसरडी आहे, जपून जा म्हणाली.

पोर गेल्यापासून सासू सुनेशी बोलत नव्हती. मी सांगून आल्यावरही बोलली नाही. पंधरा दिवसांनी मुरूमहून भाऊ आला आणि बहिणीला घेऊन गेला. ती अजून परत आलेली नाही.